दडलेल्या योजना आणि बोलीचा पुरावा : संगणकावरील ध्वनिसाधनांचे एक परीक्षण

१

डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी मराठीच्या बोलींच्या पाहणीची जी ग्रंथमाला सिद्ध केली, तीत ‘कुणबी ऑफ महाड’ हा इंग्रजीतील ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्या मालेतील ग्रंथांची घडण सामान्यतः एकसारखी आहे : आरंभी ध्वनिविचार, मग रूपविचार, त्यानंतर बोलणाऱ्यांच्या तोंडचे सलग उतारे, आणि अखेरीस शब्दसंग्रह. ह्या घडणीचा एक गुण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. वाचकाला अभ्यासकाच्या कानावर भिस्त ठेवावी लागते हे खरे. परंतु त्या कानाने कोणते भेद मानले, कोणते मानले नाहीत आणि मानलेल्या भेदांसाठी कोणती चिन्हे योजली, हे ध्वनिविचाराच्या पानांवर उघड लिहिलेले असते. कानाची चूक झालीच, तर ती कोठे शोधावयाची हे वाचकाला ठाऊक असते.

सुमारे साठ वर्षांनंतर त्याच परिसरात, म्हणजे सावित्री व गांधारी ह्या नद्यांच्या काठच्या महाडात किंवा आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपूर तालुक्यातील वाड्यांत, बोलीची सामग्री गोळा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती निराळी आहे. बोलणारा आणि ऐकणारा ह्यांच्यामध्ये आता लॅपटॉप असतो, आणि त्या लॅपटॉपवर ध्वनी मुद्रित करणारे, वाजविणारे, मोजणारे अशी तीन-चार सॉफ्टवेअर असतात. त्यांतील प्रत्येकाने ध्वनीसंबंधी काही निर्णय अगोदरच घेऊन ठेवलेले आहेत. हे निर्णय मेनूच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवर, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ अशा नावाच्या दालनात, कधी कधी तर कोणत्याही दालनात न दिसता वास करीत असतात. घाटग्यांच्या वाचकाला जो कान ओळखता येत होता, तो आजच्या प्रबंधाच्या वाचकाला ओळखता येत नाही. आणि पुष्कळदा प्रबंध लिहिणारालाही येत नाही.

ह्या साधनांचे परीक्षण आजवर बहुधा सोयींच्या यादीने होत आले आहे. कोणते सॉफ्टवेअर किती प्रकारच्या फायली उघडते, किती वेगाने चालते, फुकट मिळते की विकत, ह्या प्रश्नांना व्यवहारात महत्त्व आहेच. परंतु भाषाभ्यासाच्या दृष्टीने कसोटी वेगळी हवी. साधन काय दडविते, आणि जे दडविते त्याची खूण फलितात उरते की नाही, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

२

दडविणे हे एकाच जातीचे नसते. त्याचे निदान तीन प्रकार करावे लागतात.

पहिला प्रकार क्रीडेचा. १९९७ साली निघालेल्या आणि एके काळी आपल्याकडील घराघरांतील संगणकांवर गाणी वाजविणाऱ्या विनॅम्पमध्ये ‘नलसॉफ्ट’ ह्या कंपनीच्या नावाची अक्षरे, मध्येच एस्केपची कळ दाबीत, टंकली की वरच्या पट्टीतील मजकूर बदलत असे. व्हीएलसीच्या चिन्हातील नारिंगी शंकू नाताळच्या सुमारास लाल टोपी घालून उभा राहतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये चालू चित्रपटाचे चौकोन करून ते जुळविण्याचा खेळही आहे. शिल्पकाराने मंदिराच्या एखाद्या कोपऱ्यात आपल्या मर्जीची आकृती कोरून ठेवावी, तसा हा प्रकार होय. ह्याने कोणाच्या अभ्यासाला बाध येत नाही.

दुसरा प्रकार सोयीचा. येथे सेटिंग असते, बदलता येते, परंतु सामान्य वापर करणाराच्या नजरेआड ठेवलेले असते. तिसरा प्रकार गृहीताचा. येथे निर्णय घेतला गेलेला असतो; परंतु तो निर्णय आहे हेच वापर करणाराला जाणवत नाही, आणि तयार झालेल्या फायलीतही त्याची नोंद राहत नाही. चर्चा पहिल्या प्रकाराची फार होते, कारण तो मनोरंजक आहे. विचार तिसऱ्याचा व्हावयास हवा. दुसरा आणि तिसरा ह्यांमधील सीमा मात्र स्थिर नाही. सोयीसाठी आड ठेवलेले सेटिंग काही काळाने गृहीत होऊन बसते. पुढील उदाहरणांत हेच दिसून येईल.

३

व्हीएलसीचा उगम पॅरिस येथील एकोल सांत्राल ह्या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या, १९९६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याच्या ‘प्रेफरन्सेस’ची खिडकी उघडली असता प्रथम ‘सिंपल’ ही साधी यादी दिसते. खालच्या कोपऱ्यात ‘ऑल’ असा एक पर्याय आहे. तो निवडताच त्याच खिडकीत शेकडो नोंदींचा वृक्ष उभा राहतो. एकाच साधनाची ही दोन रूपे आहेत, आणि बहुसंख्य लोक पहिल्याच रूपाशी परिचित असतात.

ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढताना गती कमी करून ऐकण्याची सवय सार्वत्रिक आहे. व्हीएलसीमध्ये गती कमी केली तरी आवाजाची उंची उतरत नाही, कारण आवाज ताणण्याची योजना त्यात मुळातच चालू ठेवलेली आहे. ही योजना कशी काम करते हे ‘ऑल’च्या वृक्षात उतरल्यावाचून कळत नाही. तेथे आकडे आहेत : एका तुकड्याची लांबी ३० मिलिसेकंद, त्यांपैकी २० टक्के भाग शेजारच्या तुकड्यावर चढविलेला, आणि जुळणारी जागा शोधण्यासाठी १४ मिलिसेकंदांची मुभा. गती निम्मी केली असता हे तुकडे मूळ ध्वनीत निम्म्याच अंतराने पुढे सरकतात. म्हणजे मूळ ध्वनीचा प्रत्येक अंश सरासरीने दोनदा वाजतो.

दीर्घ स्वराच्या बाबतीत ह्याने काही बिघडत नाही, कारण स्वर हे मुळातच आवर्तन असते. परंतु दोन स्वरांच्या मध्ये येणारे ण, ळ किंवा ड ह्यांचा उच्चार जिभेच्या एका झटक्यात होतो, आणि तो झटका ह्या तुकड्याच्या लांबीच्याच आसपास, कधी त्याहूनही लहान असतो. स्पर्शव्यंजनाचा स्फोट तर त्याहूनही अल्पकाळाचा. असा ध्वनी ताणला गेला की तो कधी दोनदा ऐकू येतो, कधी शेजारच्या स्वरात मिसळून पुसट होतो. आता कोकणपट्टीच्या बोलींसंबंधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा चर्चिले गेले आहेत, त्यांत ण आणि न ह्यांतील भेद टिकतो की जातो हा एक प्रमुख प्रश्न आहे. ‘पाणी’ आणि ‘पानी’ ह्यांत निर्णय करण्यासाठी विद्यार्थी गती कमी करून ऐकतो, आणि ज्या क्षणी तो अधिक काळजीपूर्वक ऐकावयास लागतो, त्याच क्षणी ऐकण्याची वस्तू बदललेली असते. त्याच्या वहीत मात्र केवळ ‘न’ असे उमटते. तो ‘न’ बोलणाऱ्याचा की ३० मिलिसेकंदांच्या तुकड्याचा, हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही.

ह्यात व्हीएलसीचा दोष म्हणावा काय? चित्रपट पाहणाराला जे हवे ते त्याने दिले आहे. दोष असेल तर तो चित्रपटासाठी घडविलेल्या साधनाला बोलीचा साक्षीदार मानण्याचा आहे. तथापि एवढे म्हणता येईल की, त्याने गती बदलल्याचे पडद्यावर दाखविले, परंतु ध्वनीचे तुकडे जोडल्याचे दाखविले नाही.

४

महाडचा पाऊस हा बोलीच्या ध्वनिमुद्रणाचा जुना वैरी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कौलांवर आणि पत्र्यांवर जो आवाज चालू असतो, त्यात एखाद्या वृद्ध बाईचे कथन मुद्रित करावयाचे म्हणजे मागाहून तो आवाज काढून टाकण्याचा मोह अनिवार होतो. ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. केवळ पावसाचा असा एक अंश निवडावा, त्यावरून सॉफ्टवेअर त्या आवाजाचा नमुना घेते, आणि मग सबंध ध्वनिमुद्रणात जेथे जेथे एखाद्या वारंवारतेच्या पट्ट्यातील ऊर्जा त्या नमुन्याच्या पातळीच्या वर फारशी जात नाही, तेथे तो पट्टा दाबून टाकते.

पावसाचा आवाज आणि मानवी श्वासाचा आवाज ह्यांत ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मोठे साम्य आहे. दोन्ही अनियमित आणि अनेक वारंवारतांवर पसरलेले असतात. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत तर श्वासाला अर्थ आहे. ख, घ, फ, भ ह्यांतील महाप्राणत्व, आणि म्ह, न्ह, ल्ह, व्ह ह्यांतील श्वासमिश्रित घोष, हे सारे ह्याच मंद, पसरलेल्या ऊर्जेवर उभे आहे. ‘महाड’ हे गावाचे नावच भरभर बोलताना ‘म्हाड’ होऊ शकते. त्यातील श्वासाचा अंश पावसाबरोबर वाहून गेला, तर उरते ते ‘माड’. आणि ‘माड’ हा मराठीत निराळाच शब्द आहे. बोलीत महाप्राणाचा लोप होत चालला आहे असा निष्कर्ष अशा सामग्रीवरून कोणी काढला, तर तो लोप कोठे झाला, बोलणाराच्या मुखात की ऐकणाराच्या यंत्रात, हे ठरविण्याचे साधन उरत नाही. निर्यात केलेल्या फायलीत ह्या प्रक्रियेची नोंद नसते. आणि ऑडॅसिटीतील प्रकल्प एकदा बंद केला की मागच्या पायऱ्या परत घेण्याची सोयही संपते.

ह्याहूनही खोल एक पातळी आहे. अनेक लॅपटॉपांत आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ध्वनियंत्रणेचा ड्रायव्हर गोंगाट कमी करण्याचे आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करण्याचे काम करीत असतो. कार्यालयीन सभा आणि दूरसंभाषणे स्पष्ट ऐकू यावीत ह्यासाठी ही योजना आहे. ती विंडोजच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये, मायक्रोफोनच्या गुणधर्मांच्या आत दडलेली असते. ऑडॅसिटीच्या खिडकीत जी लाट ‘मूळ’ म्हणून दिसते, ती अशा वेळी मूळ नसतेच.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, दडलेला प्रत्येक निर्णय घातकच असतो असे नाही. ऑडॅसिटीच्या तिसऱ्या पिढीतील आवृत्त्या ३२ बिटांचा ध्वनी १६ बिटांत उतरविताना न विचारता त्यात अत्यंत सूक्ष्म असा गोंगाट मिसळतात. हे समजल्यावर पुष्कळांना धक्का बसतो. परंतु तो गोंगाट आकडे गोल करताना होणारी विकृती टाळण्यासाठीच असतो, आणि बोलीच्या अभ्यासाला त्याने व्यवहारतः बाध येत नाही. परीक्षकाने दडलेल्या गोष्टीला भिण्यापेक्षा तिचे वजन करावे, हे श्रेयस्कर.

५

आता खास भाषाभ्यासासाठीच घडविलेल्या साधनाकडे वळणे आवश्यक आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील पाउल बूर्स्मा आणि डाव्हिड वेनिंक ह्यांचे प्राट हे सॉफ्टवेअर आज जगभरच्या ध्वनिशास्त्रविभागांत वापरले जाते. ते अभ्यासकांनी अभ्यासकांसाठी केलेले असल्यामुळे त्यात दडविण्याचा हेतू नाही; जवळजवळ प्रत्येक आकडा बदलता येतो आणि त्याचे विवेचन मार्गदर्शिकेत आहे. तरीही तेथे गृहीताचा प्रश्न सुटत नाही, तो अधिक सूक्ष्म होतो.

स्वरांचे फॉर्मंट मोजताना प्राट आरंभी ५५०० हर्ट्झची कमाल मर्यादा धरते, आणि तीत पाच फॉर्मंट शोधते. ही मर्यादा सरासरीने प्रौढ स्त्रीच्या मुखनलिकेला अनुरूप आहे. प्रौढ पुरुषासाठी ती ५००० हर्ट्झ धरावी असे मार्गदर्शिकाच सांगते. पुरुषाच्या आवाजाला ५५०० ची मर्यादा लावली तर खालच्या भागात फॉर्मंट कमी सापडण्याचा, आणि उ-सारख्या स्वरात पहिले दोन एकत्र धरले जाण्याचा संभव असतो. आता असे समजू की, एका विद्यार्थ्याने महाडच्या बाजूला मुख्यतः स्त्रियांचे आणि पोलादपूरच्या बाजूला मुख्यतः पुरुषांचे ध्वनिमुद्रण केले आणि मर्यादा आहे तशीच ठेवली. दोन्ही गटांच्या उ-ओ ह्या स्वरांत त्याला आकड्यांचा स्पष्ट फरक मिळेल. स्त्रीपुरुषांच्या आवाजांत स्वाभाविक फरक असतो, तो हिशेबात घेऊनही काही फरक शिल्लक राहील. पोलादपूरचा घाटमाथ्याशी असलेला जुना संबंध लक्षात घेता, घाटावरच्या बोलीचा प्रभाव हे त्याचे कारण म्हणून सुचणे अगदी स्वाभाविक आहे. अशा रीतीने जमिनीवर नसलेली बोलीची सीमारेषा नकाशावर आखली जाईल, आणि तिचे स्पष्टीकरण इतके पटण्याजोगे असेल की कोणी ते तपासावयास जाणार नाही.

दुसरी अडचण अशी की, हे आकडे संगणकावर टिकून राहतात. विभागातील एकाच संगणकावर चौघे काम करीत असतील, तर शेवटी ज्याने मर्यादा बदलली त्याची मर्यादा पुढच्याच्या वाट्याला येते. तिसरी अडचण कालाची. आवाजाची उंची मोजताना प्राट पूर्वी ७५ ते ५०० हर्ट्झ हा पल्ला धरीत असे. २०२३ साली आलेल्या ६.४ ह्या आवृत्तीपासून मोजण्याची रीतच बदलली आणि पल्ला ५० ते ८०० हर्ट्झ झाला. बदल विचारपूर्वक केलेला आहे. परंतु ज्या प्रबंधात केवळ ‘प्राटच्या साहाय्याने मोजले’ एवढेच लिहिलेले असेल, त्याचे आकडे नंतरच्या प्रबंधाशी ताडून पाहता येणार नाहीत.

मात्र प्राटच्या बाजूने एक गोष्ट निर्विवादपणे मांडता येते. केलेल्या क्रियांचा इतिहास त्यातील स्क्रिप्टच्या खिडकीत आकड्यांसह उतरवून घेता येतो, आणि ती स्क्रिप्ट प्रबंधाला जोडता येते. आरंभी सांगितलेल्या कसोटीवर, म्हणजे दडलेल्याची खूण फलितात उरावी ह्या कसोटीवर, येथे चर्चिलेल्या साधनांत प्राट सरस ठरते. ती खूण ठेवावयाची की नाही हे मात्र त्याने विद्यार्थ्यावर सोपविले आहे.

६

फाइलच्या स्वरूपातही गृहीते असतात. एमपी-३ ही पद्धती मानवी कानाला जे ऐकू येणार नाही ते टाकून देण्याच्या तत्त्वावर उभी आहे. तो ‘मानवी कान’ कसा घडला ह्याचा इतिहास बोधप्रद आहे. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ही पद्धती सिद्ध करीत असताना सुझान व्हेगा ह्या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांवाचून गायिलेले गीत कसोटीसाठी वारंवार वापरले गेले. ह्यात गैर काही नाही. परंतु ज्या कानाच्या नावाने ध्वनीचा अंश वगळला जातो, त्याला म्ह आणि म ह्यांतील भेदाची पर्वा करावयाचे कारण नव्हते.

शिवाय सांकेतनाच्या आणि वाचनाच्या प्रक्रियेत एमपी-३ फायलीच्या आरंभी थोडी निःशब्दता शिरते. प्रचलित लेम ह्या संकेतकाच्या बाबतीत ती एकूण ११०५ नमुन्यांची, म्हणजे ४४,१०० हर्ट्झच्या ध्वनीत सुमारे २५ मिलिसेकंदांची असते. काही सॉफ्टवेअर ती कापून टाकतात, काही कापीत नाहीत. विचारीत कोणीच नाही. नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेच्या ईलॅनमध्ये आखलेल्या शब्दसीमा दुसऱ्या साधनात उघडल्या असता तेवढ्याने सरकलेल्या आढळाव्यात, हे म्हणूनच शक्य आहे. ऱ्हस्व स्वर ७०-८० मिलिसेकंदांचा असेल तर २५ मिलिसेकंद हा त्याचा तिसरा हिस्सा झाला. स्वराच्या मध्यबिंदूवर घेतलेले माप प्रत्यक्षात त्याच्या कडेवर घेतलेले असते.

७

ह्या साऱ्या प्रकरणात मराठी भाषेची स्वतःची एक साक्ष आहे. ज्याला इंग्रजीत ‘डीफॉल्ट’ म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी उणीव, चूक, गैरहजेरी हा अर्थ आहे : कोणी काही निवडले नाही म्हणून जे आपोआप लागू होते ते. मराठी सॉफ्टवेअरमध्ये ह्यासाठी दोन शब्द आढळतात. एक ‘मूलभूत’, दुसरा ‘पूर्वनिर्धारित’. ‘मूलभूत’ म्हटले की ते पायाचे, स्वाभाविक, प्रश्नापलीकडचे वाटते. ‘पूर्वनिर्धारित’ म्हटले की कोणीतरी, केव्हातरी, निर्धारण केले आहे हे शब्दातच उघड होते, आणि कोणी केले हा प्रश्न आपोआप उभा राहतो. दुसरा शब्द बोजड आहे अशी तक्रार होते, ती खरीही आहे. परंतु तो खरे बोलतो. ५५०० हर्ट्झ हे मूलभूत नाही, पूर्वनिर्धारित आहे.

दडविण्याविरुद्ध सरसकट आक्षेप घेणे मात्र सयुक्तिक नाही. कोणतेही शास्त्र सारे उघड बोलत नाही. पाणिनीच्या सूत्रांत मागील सूत्रातील पदे अनुच्चारित राहून पुढे चालू राहतात. तीच अनुवृत्ती होय. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य उरते, हेही त्या व्यवस्थेने मान्य केले आहे. तेथे लाघवासाठी किती दडविले आहे ह्याला सीमा नाही. परंतु काय दडले आहे, कोठून कोठपर्यंत दडले आहे, ह्याचा हिशेब देणे हेच त्या परंपरेतील टीकाकारांचे मुख्य कार्य ठरले. संगणकावरील ध्वनिसाधनांना लाघव साधले आहे; त्यांची वृत्ती लिहिणारे मात्र अद्याप पुरेसे झालेले नाहीत. ते काम सॉफ्टवेअर रचणाऱ्यांचे जितके, तितकेच भाषाविभागांचे आहे.

त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत एक चिठ्ठी असावी : कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या स्वरूपात मुद्रण झाले, ड्रायव्हरमधील सुधारणा बंद होत्या की चालू, गोंगाट काढला असल्यास न काढलेली प्रत कोठे आहे, ऐकून लिहिताना गती बदलली होती काय, मोजताना कोणत्या आवृत्तीत कोणते आकडे धरले. वेव्हसारख्या असंक्षिप्त स्वरूपातील मूळ फाइल हात न लावता जपून ठेवावी. ह्या पाच ओळी घाटग्यांच्या ग्रंथमालेतील ध्वनिविचाराच्या प्रकरणाची जागा घेणार नाहीत, परंतु त्या प्रकरणाने वाचकाला जो विश्वास दिला होता त्याचा काही अंश त्या परत मिळवून देतील.

ह्या आग्रहाला महाड-पोलादपूरच्या बाबतीत विशेष निकड आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, आणि २२ जुलै रोजी तळिये येथील वाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. एका वाडीची बोली बोलणारी माणसे अशी एका संध्याकाळी कमी होऊ शकतात. आणि जी उरतात, त्यांतील तरुण पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरतात, हे तर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. १९६६ च्या ग्रंथातील नोंदीविषयी शंका आली, तर पुन्हा गावी जाऊन विचारण्याची वाट पुष्कळ काळ मोकळी होती. आज मुद्रित होणाऱ्या काही आवाजांच्या बाबतीत ती वाट राहणार नाही. फाइल हाच एकमेव साक्षीदार उरेल. त्या साक्षीदाराच्या तोंडी कोणते शब्द बोलणाऱ्याचे आणि कोणते साधनाचे, हे निवडता येईल एवढी तरतूद आजच करून ठेवणे, ही अभ्यासकांकडून केलेली वाजवीपेक्षा अधिक अपेक्षा ठरू नये.